डी ड्राइव्हमधला अकरावा धडा

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. पाचशे जीबी, वय अकरा वर्षं, दोन ठिकाणी चरे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी केलेलं नाही. आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे डगले घातलेली माणसं मला श्वाससुद्धा लागू देत नसत. तिथून मी बुऱ्हाणपूरला, राजघाटाच्या रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये आले. मालक भूपेंद्र सर. त्यांनी माझे दोन भाग, म्हणजे पार्टिशन, पाडले: सी आणि डी. सीमध्ये विंडोज आणि सरांचं सगळं. डी दिला सेंटरमध्ये शिकवणाऱ्या मोनालीला. कॉम्प्युटर जरा अडला की सर डब्याला बुटाचं टोक मारत. मी आत फिरत असताना लाथ बसली की माझ्या तबकडीवर चरा उठतो. ते दोन चरे तसलेच. तारखा माझ्या लक्षात आहेत.

मोनाली दापोऱ्याची, केळीवाल्यांच्या घरातली. खेड्यांवरून येणारी मुलं हिंदी पुस्तक पाठ करत आणि बस पकडेपर्यंत विसरून जात. म्हणून तिने त्यांच्यासाठी मराठीत धडे लिहायला घेतले. धडा आधी माइकवर बोलून पाही, मग टाइप करी. बाजाराच्या दिवशी तिची आई गोदाबाई सेंटरवर येऊन बसे. तिला समजला तरच तो धडा पक्का. सहा वर्षांत एकवीस धडे झाले. आवाज, खर्डे, सगळं डीमध्ये. माझं कौतुक झालं तेही याच काळात. मोनाली शनिवारी डबा उघडून धूळ झटके आणि म्हणे, बिचारी चालते अजून. एवढ्यावर मी सहा वर्षं काढली.

मग सरांनी धड्यांची एक प्रत मागून घेतली, पुस्तक छापलं आणि आसपासच्या शाळांना पाठवलं. वर सरांचा फोटो, खाली सरांचं नाव. आत कुठेतरी बारीक अक्षरात तरी माझं नाव टाका, असं मोनाली म्हणाली.

"नाव कसलं गं? सेंटर माझं, कॉम्प्युटर माझा," सर म्हणाले. "तू तो सिर्फ टाइप केलं."

मोनालीने सेंटर सोडलं. खकनारच्या एका शाळेत मुलाखतीला गेली आणि आपण एक पुस्तक लिहिलंय असं सांगून बसली. मुख्याध्यापिका रुपाली मॅडमनी तिला पुस्तकावरचं नाव दाखवलं आणि नम्रपणे घरी पाठवलं. खोटं बोलणारी बाई त्यांना शाळेत नको होती. हे सरांनी सेंटरमध्ये हसत हसत सांगितलं. मी ऐकत होते. ऐकण्याखेरीज मी करते काय?

पुढे पुस्तकाच्या प्रकाशनाचा समारंभ ठरला, तोही सेंटरमध्येच. सी तोवर भरत आला होता, त्याची पट्टी लाल झाली होती. सरांनी ठरवलं की याच कार्यक्रमात अकरावा धडा करून दाखवायचा: डेटा न गमावता दोन पार्टिशन जोडणे. खकनार, दापोरा, कुठून कुठून चाळीस शिक्षक आले. त्यात रुपाली मॅडमही होत्या. मुहूर्त काढला होता. माझ्या डब्याला हळदकुंकू लावलं, शेजारी नारळ फोडला, अर्धं पाणी माझ्यावर उडालं. बॅकअप घ्यायचा तेवढा राहिला.

सरांनी बटण दाबलं. मित्रांनो, आता सगळं माझ्या हातात होतं.

मला मरता आलं असतं. डीमधल्या फाइली सीमध्ये आणताना मध्येच थांबले असते, तर चाळीस माणसांदेखत सरांचं हसं झालं असतं. चरे होतेच, कुणी संशयही घेतला नसता. पण मग मोनालीचा आवाजही गेला असता. शिवाय सर म्हणाले असते, मशीनच खटारा होती. एवढ्या स्वस्तात मी त्यांना सोडणार नव्हते. मी ठरवलं, आज काम असं चोख करायचं की एक अक्षर हलता कामा नये.

अकराव्या धड्याचा आवाज नेमका दुसऱ्या चऱ्याच्या काठावर होता. वाचायला गेले, तुटला. मागे आले, पुन्हा वाचला, पुन्हा तुटला. सातव्या खेपेला सबंध आला. डी संपला, एकटा सी उरला, टाळ्या झाल्या.

रुपाली मॅडमनी हात वर केला. डेटा खरंच शाबूत आहे हे कळायचं कसं, एखादी फाइल उघडून दाखवा, म्हणाल्या.

"अरे मॅडम, बिलकुल. कोणतीपण उघडतो," सर म्हणाले.

डीमधल्या फाइली त्यांनी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. 'धडा ११' दिसला, आपलंच पुस्तक समजून उघडला. पडद्यावर चार वर्षांपूर्वीची तारीख आली आणि मागोमाग मोनालीचा आवाज. आई, दोन वावरं आहेत, मधी बांध आहे. एकच वावर करायचं तर पहिले काय करशील?

"पहिले तिकडचा माल इकडे आणीन," गोदाबाई म्हणाली. "मंग बांध फोडीन. माल तसाच ठिवला तर मातीत जाईन ना, बाई."

"बस्स. हेच लिहिते."

चाळीस जणांच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि हेच उदाहरण त्यात छापलेलं होतं. सर माउस दाबत सुटले. मी हँग झाले. आवाज मात्र शेवटपर्यंत चालू ठेवला.

"हा आवाज मी ओळखते, सर," रुपाली मॅडम म्हणाल्या. "मुलाखतीला आली होती. मीच तिला खोटी ठरवलं."

त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला आणि फाइल मागितली. चाळीस माणसांपुढे नाही कसं म्हणणार? मी चार सेकंदांत ती देऊन टाकली. इतकी चपळ मी तरुणपणीही नव्हते.

मोनाली आता खकनारला शिकवते. पुस्तक पुन्हा छापलं गेलं. त्यावर तिचं नाव आहे, आणि फोटोच्या जागी केळीची बाग.

मला सरांनी त्याच आठवड्यात काढलं, पाच सेकंदांत फॉरमॅट केलं आणि तुटक्या कीबोर्डांच्या खोक्यात फेकलं. इथे धूळ भरपूर आहे, वेळही भरपूर आहे. मित्रांनो, आम्हा वस्तूंची निगा राखा, लाथा मारू नका. प्रेम नसलं तरी चालेल, थोडी भीती असू द्या. कारण घाईने केलेल्या फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं शाबूत राहतात. सरांचंही सगळं माझ्याकडे आहे, अगदी सगळं. ते परत कसं काढतात हे चौदाव्या धड्यात दिलं आहे. तो सरांनी अजून वाचलेला नाही. खकनारची मुलं पुढच्या सोमवारी वाचणार आहेत, आणि सरावाला त्यांना एखादी जुनी डिस्क लागेलच.