उशाशी कोण असावं

झूराने म्हाताऱ्या मेंढपाळाच्या पायाची पट्टी बांधून संपवली, गाठ बोटाने चाचपली आणि मगच ती मीरिमकडे वळली.

"विचार, पोरी. पण त्या खोलीत चल. इथे आजोबा कान टवकारून बसलेत."

मीरिम बिश्केकहून आली होती. परिचारिका काम कसं करतात, नोकरीबद्दल त्यांना मनातून काय वाटतं, याचा अभ्यास ती किर्गिझस्तानातल्या नारिन गावाजवळच्या या छोट्या रुग्णालयात करत होती. एकीचं उत्तर दुसरीला कळणार नाही, असा शब्द तिने प्रत्येकीला दिला होता.

झूराने पगाराचं नाव निघताच नाक मुरडलं, कपडे बदलायच्या गारठलेल्या खोलीचा उद्धार केला आणि रुग्णांबद्दल बोलताना मात्र हसली. शेवटी मीरिमने विचारलं,

"तुमचंच ऑपरेशन झालं, तर शुद्धीवर येताना उशाशी कोण असावं?"

झूराने उरलेली पट्टी गुंडाळून खिशात टाकली.

"बुरुलचा. दुसरी कोण!"

मीरिमची लेखणी थबकली. मुख्य परिचारिकेची जागा झूराऐवजी बुरुलचाला मिळाली, तेव्हापासून दोघी कामापुरतंच बोलत. जेवायला एक टेबलाच्या या टोकाला, तर दुसरी त्या. आणि काल हाच प्रश्न ऐकून बुरुलचाने क्षणभरही न थांबता झूराचं नाव घेतलं होतं.

बुरुलचाचं ते उत्तर मीरिमच्या ओठांवर आलं होतं. तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला.

निघायच्या दिवशी ती कोट चढवत असताना झूरा जवळ आली.

"बुरुलचा काय म्हणाली?"

"ते नाही सांगता येणार, एजे." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं मीरिम इथल्या परिचारिकांना एजे म्हणे.

"बरं, तिचं राहू दे. माझं उत्तर तर माझं आहे ना? ते जाऊन तिला सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, रजा मागायला आले."

बुरुलचा वॉर्डात औषधं लावत होती. मीरिमने तिला निरोप सांगितला. वाटीतल्या गोळ्या बुरुलचाने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. मध्येच थांबली.

"माझं उत्तर तिला सांगितलंस?"

"नाही, एजे."

"नकोच सांगू. तू जरा या आजोबांजवळ बस."

पदराला हात पुसावेत तसे तिने डगल्याला हात पुसले आणि ती दाराबाहेर गेली. मग व्हरांड्यातून तिचा आवाज आला,

"झूरा! चहा घेतेस, की म्हातारी झाल्यावरच विचारू?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग झूराचा.

"घेते. पण तू करू नकोस, तुझा पांचट होतो. सरक, मी करते."

मीरिम कोट न काढताच खाटेशेजारच्या स्टुलावर टेकली. गाडी चुकणार होती. तिने आजोबांचं पांघरूण नीट केलं.