धाकट्याच्या जागी स्टँड

फोटोवाल्याला सगळी गिऱ्हाइकं दादाच म्हणायची, कारण त्याचा धाकटा भाऊ भर कार्यक्रमात तशाच हाका मारत फिरायचा. कॅमेरा दादाकडे, फ्लॅश धाकट्याकडे. फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसवला की चेहरे भिंतीला चिकटवल्यासारखे सपाट येतात, म्हणून धाकटा तो हातात धरून बाजूला उभा राहायचा. मधे लांबलचक तार असे. दादा तोंडानं काही सांगत नसे. तारेला हलका हिसका दिला की धाकटा बरोबर सरकायचा.

मग धाकट्याला दुसऱ्या शहरातल्या गोदामात नोकरी लागली. त्याच्या घरात बाळ येणार होतं, अडवायचं कुठल्या तोंडानं? भांडण झालं असतं तर चारचौघांत गाऱ्हाणं तरी गाता आलं असतं. तेही नव्हतं.

दुसरा माणूस ठेवायला दादाचं मन धजेना. त्यानं स्वस्तात सामान जमवायला घेतलं. बंद पडलेल्या गाण्याच्या क्लासातून माइकचा स्टँड आणला. वापरलेला साधा फ्लॅश मिळाला, त्याचा उजेड दर वेळी हातानंच कमीजास्त करावा लागे. तारेशिवाय फ्लॅश उडवायला बिनतारी ट्रिगरची जोडी घेतली. एक कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली. उजेड मऊ पडावा म्हणून जुन्या छत्रीचं काळं कापड उसवून पांढरं शिवलं. स्टँड कलंडू नये म्हणून फाटक्या जीन्सच्या पायात रेती भरली. सगळं लावून पाहायला समोर बसणारं कुणी नव्हतं. खुर्चीवर हेल्मेट ठेवलं आणि सवयीनं तो म्हणाला, “हनुवटी जरा खाली.” मग एकटाच ओशाळला.

पहिलं काम एका आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं निघालं. दादानं छत्री तिरकी केली, बटण दाबलं, आणि फोटो पाहून थक्क झाला. धाकट्याचा हात दुपारपर्यंत भरून यायचा, फ्लॅश खाली झुकायचा, फोटोत लोकांच्या डोळ्यांखाली काळी सावली पडायची. स्टँड मात्र ढिम्म. इतका स्वच्छ उजेड त्याच्या फोटोंत कधी पडलाच नव्हता.

फक्त दोघं ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होती.

“मुलीच्या लग्नात तुमच्याबरोबर एक वात्रट मुलगा होता ना?” आजींनी विचारलं. “कुठंय हो तो?”

“भाऊ माझा. नोकरीला लागला.”

“अगं बाई! म्हणजे... चांगलंच झालं म्हणा.”

धाकटा अशा वेळी ओरडायचा, “आजोबा, पाकीट पडलं!” आणि सगळे फिस्सकन हसायचे. दादानंही तेच म्हणून पाहिलं. आजोबा खरंच उठले आणि खुर्चीखाली वाकून पाकीट शोधायला लागले. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागून तो बाहेर जिन्यापाशी आला आणि त्यानं फोन लावला.

“बोल रे दादा, पटकन. गाडीतला माल उतरवतोय.”

फोटो सुरेख आलेत, हे त्याला सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे तुझ्यावाचून सुरेख आलेत असं सांगायचं. जीभ रेटेना.

“स्टँड डुलतोय रे,” तो खोटंच म्हणाला.

“वजनाला पिशवीत रेती भरलीस का? कोरडीच भर. आणि पिशवी जमिनीवर ठेवू नकोस, स्टँडच्या पायाला टांग.” धाकटा तावातावानं सांगत राहिला. सगळं दादाला ठाऊक होतं. तरी तो हं, हं करत ऐकत राहिला. मागून कुणीतरी धाकट्याला हाक मारली. “अजून काही?”

“नाही. एवढंच.”

आत आल्यावर त्यानं विनोद करायचा नाद सोडला. “आजी, लग्नाच्या दिवशी यांनी कुठला शर्ट घातला होता, आठवतं?” त्यानं नुसतं विचारलं. आजी आजोबांकडे वळून बघायला लागल्या. आजोबा म्हणाले, “पांढरा,” आजी म्हणाल्या, “छे, निळा!” तेवढ्यात दादानं बटण दाबलं. फोटो चांगला निघाला. सवयीनं बाजूला वळून धाकट्याला दाखवायला त्यानं कॅमेरा उचलला. तिथं छत्री उभी होती.

काम आटोपल्यावर त्यानं स्टँड मिटला. सगळं सामान एका खांद्यावर मावलं. कुणासाठी थांबायचं नव्हतं, तरी जिना तो सावकाश उतरला.