हात न लावलेला फोटो

आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचे हे फोटो काढतात, मी काउंटर सांभाळते. गिऱ्हाइकाचा मस असो की दुहेरी हनुवटी, हे कॉम्प्युटरवर बसले की दहा मिनिटांत साफ. स्वतःला तर त्यांनी फोटोत कधी पस्तिशीच्या पुढे जाऊच दिलं नाही.

तर ह्यांचा उजवा डोळा पुढे आला. "जागरण," हे म्हणाले. मग गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. एका बाईंनी फोटो काउंटरवर आपटला. "माझं नाक काय टोमॅटो आहे?" सगळेच चेहरे लालेलाल. मी ह्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याने बघायला लावलं. डाव्याला लाल दिसलं, उजव्याला विटलेलं. डावा डोळा मिटून रंग जुळवायची ह्यांची सवय; हे चेहऱ्यांवर लाल का ओतत होते, ते तेव्हा कळलं. स्कॅनमध्ये डोळ्याच्या खोबणीतले स्नायू सुजलेले निघाले.

"सूज नसेवर दाबतेय. उशीर झाला तर नजर जाईल," बाई म्हणाल्या. "पण सूज कशाने, ते कळायला हवं. थायरॉइडची साधी तपासणी तर ठीक आलीय. सूज पंधरा दिवसांत आली असेल, तर डोळ्यामागचा तुकडा काढून तपासावा लागेल. हळूहळू आली असेल, तर तपासणी ठीक असली तरी मला थायरॉइडचाच संशय. जुने फोटो आणा."

फोटो म्हटल्यावर ह्यांची कळी खुलली. दुसऱ्या दिवशी बारा फोटो टेबलावर, शेवटचा गेल्याच महिन्यातला. बाराही फोटोंत दोन्ही डोळे अगदी सारखे.

"म्हणजे अचानकच," म्हणत बाई तुकडा काढायची तारीख बघू लागल्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताचा पंखा न्याहाळत होते.

"अहो, तुम्ही सांगता की मी सांगू?"

मग मी पर्समधून भाचीच्या लग्नातला फोटो काढला. दोन वर्षांपूर्वीचा, समोरच्या स्टुडिओवाल्याने काढलेला. 'मेल्याने माझा डोळा बिघडवला' म्हणून ह्यांनी तो कपाटामागे टाकला होता, मी सकाळीच काढून आणला. त्यात उजवा डोळा चांगलाच पुढे आलेला.

"आणि ते बारा?" बाईंनी विचारलं.

"थोडं... सारखं केलंय," हे पुटपुटले.

बाई खो खो हसल्या. "ह्या समोरच्या फोटोग्राफरची नजर चांगली आहे हो!" ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तुकडा वाचला. रक्ताची आणखी एक तपासणी झाली आणि चोर सापडला, थायरॉइडच. शिरेतून स्टेरॉइड सुरू झालं, आणि सिगारेटने हा आजार बळावतो म्हणून ह्यांची सिगारेट त्याच दिवशी बंद. मी मात्र रोज सकाळी तसंच एक लाल झाकण ह्यांच्यापुढे धरायची आणि उत्तर येईपर्यंत श्वास रोखायची.

सातव्या आठवड्यात हे काउंटरपाशी एक डोळा झाकून थबकले. "तुझं स्वेटर एवढं लाल आहे?" मी गिऱ्हाइकांदेखत रडले.

बाईंना तपासणीसाठी नवा फोटो हवा होता, अजिबात हात न लावलेला. ह्यांनी आम्हा दोघांचा काढला. डोळा बराच आत गेलेला, तरी थोडा पुढेच, आणि ह्यांनी तो तसाच ठेवलेला. शेजारी मी, सगळ्या सुरकुत्यांसकट.

"त्यांना तुमचा डोळा हवाय. माझ्या सुरकुत्या कशाला?"

"ह्या तीन यंदाच्या आहेत," फोटोवर बोट ठेवून हे म्हणाले. "माझ्या डोळ्यापायी आलेल्या. त्या कशा पुसू?"

मी फोटो जवळ घेऊन पाहिला. मग म्हटलं, "बाकीच्या तरी पुसा."