लाजेचा तुकडा

दातवालीने तिघांना जेवायला बोलावलं, पण का बोलावलं ते सांगितलं नाही. तिच्यासारख्या सरळ बाईला ही लबाडी शोभत नव्हती आणि तिला ती नीट जमतही नव्हती. हॉटेलच्या दारातच तिने तीनदा म्हटलं, "सहज, बरेच दिवस झाले ना, म्हणून." सहज बोलावणारं माणूस असं तीनदा सांगत नाही. पण बाकीच्यांचं लक्ष आतून येणाऱ्या वाफेच्या वासाकडे होतं, त्यामुळे ती वाचली.

तिला दातवाली म्हणायचे कारण ती कवळ्या बनवायची. दातांच्या लॅबमध्ये खिडकीपाशी बसून मेणात दात रोवायचे, हिरडीचा गुलाबी रंग जुळवायचा, डबी बंद करून पाठवून द्यायची. ज्या तोंडात ते दात जाणार ते तोंड कधी बघायचं नाही. पन्नाशी उलटली तरी तिचा हात हलत नव्हता आणि लॅबचा मालक तिला घरच्यासारखं वागवत होता. काम चोख होतं. कंटाळाही तितकाच चोख होता, पण त्याबद्दल बोलायची पद्धत तिच्या घरात नव्हती.

तिने केलेल्या कवळ्यांपैकी एक मात्र मालकिणीसकट लॅबमध्ये परत आली. मालकीण होती याच डिमसमच्या, म्हणजे वाफेवरच्या चिनी करंज्या-वड्यांच्या, हॉटेलची. तक्रार अशी, की चिकट पारी चावताना वरचा दात सुटतो, आणि आमच्या धंद्यात पारी चावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. दातवालीने दात घासून बसवून दिला आणि जाता जाता विचारलं, ही पारी एवढी पातळ होते तरी कशी? मालकीणबाईंनी तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली, भाजी घेताना पाहतात तशी. म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी सकाळी ये. दाखवते."

ती गेली आणि मग जातच राहिली. गरम पाण्यात भिजवलेलं पीठ, रुंद पात्याच्या सुरीने दाबून काढलेली पारी, मधोमध सारण, आणि मग कडेने एकावर एक चुण्या. मेणावर मुरलेल्या बोटांना ते फार लवकर कळलं. घरी तिने सांगितलं की लॅबमध्ये जादा काम आहे. पुढे नवऱ्याला खरं सांगितलं तेव्हा तो "तुला वाटेल ते कर" म्हणाला आणि पेपरात डोकं घालून मोकळा झाला.

आता पाऱ्या करणारी जुनी बाई लेकीकडे राहायला चालली होती. मालकीणबाईंनी ती जागा दातवालीला देऊ केली. रोजची, कायमची. उत्तर आज, जेवण उरकल्यावर. नाहीतर दुसरी एकजण वाट पाहत होतीच. लॅब सोडायची म्हणजे या वयात नव्याने शिकाऊ व्हायचं, आणि लॅब काही परत घेणार नव्हती. रात्रभर कूस बदलत दातवालीने एवढंच ठरवलं, की निकाल या तिघांच्या जिभेवर सोडायचा. आज सकाळी तिने स्वतः भरलेली एक टोपली वाफेवर चढवली, ॲप्रन खुंटीला लावला, केस नीट केले आणि पुढच्या दाराने पाहुणी होऊन आत आली.

तिघं म्हणजे एक तिची धाकटी नणंद, जी रेडिओवर बातम्या वाचायची आणि घरातही त्याच आवाजात मीठ मागायची. दुसरा भूलवाला, नणंदेच्या शेजारचा डॉक्टर, ऑपरेशनआधी माणसांना झोपवणारा. तिसरा कुलूपवाला. नणंदेचं दार आतून लॉक झालं म्हणून तो एकदा आला होता. दार उघडल्याबरोबर त्याने आधी करपत असलेल्या भांड्याखालचा गॅस बंद केला, मग चमचा घेऊन चव पाहिली आणि म्हणाला, "करपलं नसतं तरी आंबटच होतं." तेव्हापासून तो यांच्यातला झाला. खाण्यावर जीव टाकणारी आणि खाण्याला नावं ठेवणारी अशी ही तीन माणसं. तोंडावर सांगायची, भीड नाही. म्हणूनच तर दातवालीला तीच हवी होती.

बफे असल्यामुळे भिंतीलगतच्या कट्ट्यावर टोपल्यांच्या उतरंडी रचलेल्या होत्या. हवी ती उचला. प्रत्येक टोपलीत पाच नग, हा मालकीणबाईंचा शिरस्ता. माणसं चार, नग पाच, आणि त्या पाचव्यावरून या टेबलावर नेहमीचा खेळ चालायचा. त्याला ते लाजेचा तुकडा म्हणत.

"तू घे."

"छे छे, माझं झालं. तुम्ही घ्या, डॉक्टर."

"मी सकाळी भरपूर खाऊन आलोय."

असं म्हणणारा पुढच्या क्षणी उठून आणखी दोन टोपल्या घेऊन यायचा. पण पाचव्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या पदार्थाची सालं काढताना ज्यांना काही वाटत नसे, ती माणसं या एका तुकड्यापाशी नव्या जावयासारखी संकोचून बसत. शेवटी तो गार होऊन वातड झाला की कुलूपवाला उपकार केल्यासारखा गिळायचा. इतक्या वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता.

"हा वाफेचा पाव, बाव, बघा," नणंद म्हणाली. "बाहेरून गुबगुबीत. आत सारण शोधायला बॅटरी लागेल."

"कोळंबी अजून शुद्धीवर आलेली नाही," भूलवाला म्हणाला. "मला यातलं कळतं."

कुलूपवाल्याने मुळ्याची वडी उलटी करून खालची बाजू पाहिली. "घाई केलीय. खालून रंगच नाही. आणि हे कोंबडीचे पाय कोणी आणले?"

"मी," नणंद म्हणाली. "छान आहेत. वेळ जातो."

दातवाली हसत होती, पण तिचा चहा तसाच गार होत होता. मग ती उठली, कट्ट्यावरून आपली टोपली उचलली आणि आणखी दोन टोपल्यांसोबत टेबलावर ठेवली, जशी काही ती तिच्या ओळखीचीच नाही. झाकण काढलं. अळंबी, कांद्याची पात आणि आलं. पारीतून हिरवं दिसत होतं. चुण्या नीट उभ्या राहिल्या होत्या, एवढं तिला स्वतःलाही कबूल करावं लागलं.

तिघांनी एकेक उचलला. ती थांबली. "मी घेते नंतर, गरम आहे," असं काहीतरी म्हणाली.

कुलूपवाल्याच्या जेवायच्या काड्या हवेतच राहिल्या. भूलवाल्याने डोळे मिटून घेतले, एखादं दुखणं सोसावं तसे. नणंद खिडकीबाहेर पाहत होती, आणि बाहेर तर कोणी माणूस शिडी लावून पाटी पुसत होता, त्यात बघण्यासारखं काय असतं? दातवालीने तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. टीका नाही, टोमणा नाही.

मग नणंद वळली आणि कुलूपवाल्याला म्हणाली, "तुमच्या छताची गळती थांबली का हो?"

नणंदेची ही सवय दातवालीला ठाऊक होती. कोणाच्या घरी जेवण अगदीच फसलं, की ती पडद्यांचं कापड विचारायची. इथे पडदे नव्हते, म्हणून छत काढलं. म्हणजे वन्संनी आपला हात ओळखला. ओळखला आणि सावरून घेतलं. या तिघांनी तोंडावर वाईट म्हटलं असतं तरी तिने ते गिळलं असतं, पण हा सभ्यपणा तिला झोंबला. कुलूपवालाही उत्साहाने छतावर चढला होता, कुठला पत्रा, कुठला खिळा. कोणीही टोपलीकडे पाहत नव्हतं.

"आलेच," म्हणून ती उठली आणि भटारखान्याचं दार ढकलून आत गेली.

मालकीणबाई पिठाच्या गोळ्यावर ओला फडका टाकत होत्या.

"माझ्याच्याने नाही व्हायचं," दातवाली म्हणाली.

"का? कोण काय म्हणालं?"

"कोणी काहीच नाही म्हणालं."

"मग?"

"तेच तर."

मालकीणबाईंनी फडका नीट केला. समजूत काढणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "बरं," त्या म्हणाल्या. "हातातलं झालं की दुसरीला फोन करते. ॲप्रन न्यायचा तर ने."

ॲप्रन तिने तिथेच ठेवला. परत येताना तिला रडू आलं नाही, पण इतकं रितं वाटलं की टेबल कुठे आहे हे क्षणभर सुचेना. खुर्चीत बसून तिने ठरवलं, निदान स्वतः केलेला एक तरी खायचा. कसा झाला होता ते आपलं आपल्याला कळायला हवं. टोपलीवर झाकण होतं. मघाशी नव्हतं. तिने ते उचललं.

आत नुसता ओला कागद, आणि त्यावर पाच गोल डाग.

"माझा कुठाय?"

भूलवाला कपात पाहू लागला. कुलूपवाला मात्र खरोखर बुचकळ्यात पडलेला दिसला.

"कोणता?" नणंदेने बातम्यांच्या आवाजात विचारलं.

"माझ्या वाटणीचा. आणि पाचवा?"

भूलवाल्याने घसा साफ केला. "पाचवा मी घेतला. तुम्ही छतावर होतात म्हणून."

"डॉक्टर!" नणंद उसळली. "छत मी काढलं होतं! तुमचं सगळ्यांचं लक्ष उडावं म्हणून काढलं! आणि हात घातला तर आत एकच!"

"तो माझा होता," दातवाली म्हणाली.

नणंदेचा चेहरा लाल झाला. रेडिओवर तो कोणाला दिसला नसता, इथे दिसला. "माहितीये. वहिनी, खोटं कशाला बोलू, माहिती होतं. तोंडात गेल्यावर आठवलं असंही नाही. आधीच आठवलं होतं."

"आणि मी इकडे पत्र्याचे खिळे सांगत बसलोय!" कुलूपवाला काड्या आपटत म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला खरंच काळजी आहे माझ्या छताची. झाकण कोणी घातलं?"

"मीच," नणंद म्हणाली. "उघडी रिकामी टोपली बरी दिसत नाही."

"लाज वाटत नाही तुम्हाला?"

"वाटते ना. पण दुसरी टोपली आली की जाईल."

दातवाली त्या पाच ओल्या डागांकडे पाहत राहिली. तिला आनंद झाला. इतका, की तो कुठे ठेवावा हे तिला कळेना, आणि त्यात आपल्याला एकही मिळाला नाही याचा थोडा रागही होता. मग तिला फोन आठवला आणि ती खुर्ची मागे ढकलून उठली.

"आता कुठे?" नणंदेने विचारलं. "वहिनी, रागावलीस?"

"येताना टोपली आण!" कुलूपवाला मागून ओरडला. "तीच! आणि माझ्यासमोर ठेव!"

मालकीणबाई भिंतीवरच्या फोनपाशी उभ्या होत्या आणि हाताचं पीठ निघत नाही म्हणून वैतागल्या होत्या.

"लागला?" दातवालीने धापा टाकत विचारलं.

"लावायला हात कोरडा कुठाय?"

"नका लावू. मी येते. उद्याच लॅबमध्ये सांगते."

"मघाशी तर कोणी काही म्हणालं नव्हतं."

"अजूनही नाही म्हणालं," ती म्हणाली. "संपवलं. माझासुद्धा."

मालकीणबाईंनी मान हलवली. याला त्यांच्या मते फारसं स्पष्टीकरण लागत नव्हतं. "मग उभी काय राहिलीस? पीठ फडक्याखाली आहे."

तिने ॲप्रन बांधला, हात धुतले. आधी एक केला, उकडला आणि कट्ट्याशी उभ्याउभ्याच खाल्ला, जीभ भाजली तरी. आलं जरा जास्त झालं होतं. तिघांपैकी एकानेही ते सांगितलं नव्हतं. मग तिने आलं कमी करून पाच भरले आणि वाफ धरल्यावर टोपली स्वतः उचलून बाहेर नेली. पिठाने पांढरे झालेले हात, पुढे गाठ मारलेला ॲप्रन, हे सगळं घेऊन ती टेबलापाशी आली. तिघांनीही आधी टोपलीकडे पाहिलं. ॲप्रनकडे मग.