पहिल्या प्रकरणात मरणारी बायको

आमचे हे थरारक कादंबऱ्या लिहितात आणि प्रत्येक कादंबरीत पहिल्याच प्रकरणात नायकाची बायको मरते. का, तर त्याशिवाय नायक पेटून उठत नाही म्हणे. कधी गाडीत बॉम्ब, कधी जिन्यावरून ढकललेली. आणि दरवेळी तिच्या हनुवटीवर तीळ. माझ्याही आहे. ओळखीच्या बायका भाजीच्या दुकानात गाठून विचारतात, "यंदा कशी गेलीस?" मी हसून घेते, पण मनाला लागतंच. पुढच्या पुस्तकात ती जगली पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं. विषय काढला की ह्यांना ऐकू येत नाही.

ह्यांची एक पद्धत आहे. नायकाने जे करायचं, ते आधी घरात करून बघायचं. उशांना ठोसे मारून झालेत, माळ्यावरून गादीवर उडी मारून कंबर धरून झालीय. परवा मुलाखतीला पत्रकार बाई यायच्या होत्या, तर ह्यांनी माझ्या हातात कपडे वाळत घालायची दोरी दिली.

"खुर्चीला घट्ट बांध. नायक चुटकीसरशी सुटतो ना, तसा तिच्यासमोर सुटून दाखवतो. आधी एकदा करून बघू."

मी बांधलं. अगदी मनापासून बांधलं. हे घामाघूम झाले, पण गाठ काही सुटेना. तेवढ्यात बेल वाजली.

"अगं, सोड लवकर."

"पुढची बायको जगेल?"

"मग तो सूड कशाचा घेईल?"

मी सरळ दार उघडायला गेले.

पत्रकार बाईंना वाटलं, फोटोसाठीच असे बसलेत. भारी खूश झाल्या. लिहायची प्रेरणा कुठून मिळाली, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी लहानपणी पांघरुणात टॉर्च लावून वाचलेले झाडून सगळे शूरवीर सांगितले. विमा कंपनीत अर्धं आयुष्य अपघातांचे दावे तपासले आणि गाड्या कशा उलटतात ते तिथे कळलं, हे मात्र गिळून टाकलं.

"आणि आवडता नायक कसा?" बाईंनी विचारलं.

"जो एकटा असतो. ज्याला कुणाचीच गरज लागत नाही," हे म्हणाले, आणि ह्यांच्या नाकावर माशी बसली.

ह्यांनी नाक हलवलं, फुंकर मारली, मान झटकली. माशी जागची हलायला तयार नाही. शेवटी माझ्याकडे बघून पुटपुटले, "जगेल."

मी आधी माशी हाकलली, मग कात्री आणली.

शब्द पाळला बरं का. नव्या कादंबरीत बायको जगली. पहिल्या पानावर माहेरी गेली, ती शेवटपर्यंत परत आलीच नाही. माझं डोकंच फिरलं.

"तिला परत का नाही आणलंत?" मी विचारलं.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ती घरात असली, तर तो बाहेर पडेलच कशाला?"

मी उठून ह्यांना चहा करून दिला. मग मात्र दुपारभर चिडलेलीच होते. हे वाक्य पुस्तकात घालायला काय धाड भरली होती ह्यांना?