खांब यांचा, दिवा त्यांचा

नगरपालिकेच्या इमारतीत तळमजल्यावर खांब विभाग होता आणि वरच्या मजल्यावर दिवे विभाग. असं का, हे कुणी विचारत नसे. खांब जमिनीतून निघतो म्हणून खाली, दिवा टोकाला लागतो म्हणून वर, एवढं कारण पुरेसं वाटावं अशीच ती इमारत होती. खालच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे खांबसाहेब म्हणत, वरच्यांना दिवेसाहेब. दोघं सख्खे साडू. खांबसाहेबांची बायको थोरली, दिवेसाहेबांची तिच्या पाठची. आणि दोघांत बोलणं बंद.

झालं होतं असं की दिवेसाहेबांनी नवं घर घेतलं आणि सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलावलं. जेवणं उरकल्यावर खांबसाहेब दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले, चहूकडे नजर फिरवली आणि सहज बोलून गेले, "घर झकास आहे हो, पण जरा अंधारं वाटतं."

दिवे विभागाच्या प्रमुखाच्या घराला अंधारं म्हणायचं! दिवेसाहेब हसत हसतच म्हणाले, "मध्येच खांब येऊन उभा राहिला की अंधार पडणारच."

पाहुणे पोट धरधरून हसले. खांबसाहेब हसले नाहीत. ते शिडशिडीत, उंच आणि ताठ होते, आणि या जातीचे विनोद शाळेपासून ऐकत आले होते. त्यांनी चपला घातल्या आणि घर गाठलं. त्या दिवसापासून साडू जिन्यात समोर आला तरी ते भिंतीवरची पोपडी निरखत उभे राहायचे.

अशातच नगराध्यक्षबाईंनी मुख्य रस्ता सुशोभित करायचं ठरवलं. जुने खांब काढायचे, नवे लावायचे, दिवेही नवे. खांबसाहेबांच्या अंगात उत्साह संचारला. आयुष्यभर त्यांनी सरळसोट लोखंडी नळ्या उभ्या केल्या होत्या. आता त्यांनी बिडाचे काळेभोर खांब मागवले. तळाशी सिंहाचे पंजे, अंगावर वेलबुट्टी, वर जाता जाता हंसाच्या मानेसारखा बाक. नमुना आला तेव्हा त्यांनी कुणी बघत नाही असं पाहून त्या मानेवरून हात फिरवला.

वरच्या मजल्यावर दिवेसाहेबांनाही असंच स्फुरण चढलं होतं. त्यांनी मागवले ते दिवे चपटे, करड्या रंगाचे, चौकोनी. वीज कमी खाणारे, उजेड भरपूर देणारे. एकमेकांना एका शब्दाने विचारलं असतं तर काम भागलं असतं. पण विचारायचं कुणी?

बसवायच्या दिवशी फिटर गोंधळला. एका हातात तो चपटा चौकोन धरून त्याने खांबसाहेबांना विचारलं, "साहेब, हे यावर बसवायचं? नक्की?"

"वरचं मला विचारू नका," खांबसाहेब म्हणाले.

फिटर पलीकडच्या फुटपाथवर दिवेसाहेबांकडे गेला.

"खालचं माझ्याकडे येत नाही," दिवेसाहेब म्हणाले.

फिटरने खांदे उडवले, मध्ये एक पत्रा ठोकला आणि संध्याकाळपर्यंत सगळा रस्ता उभा केला.

दिवे लागले तेव्हा लोकांनी माना वर केल्या, मग कुणीतरी फिसकन हसलं. राजवाड्याच्या दारात शोभावा असा खांब आणि त्याच्या डोक्यावर दवाखान्यातला ट्रे! कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाईक तसंच साबण लावलेलं सोडून बाहेर आला आणि म्हणाला, "डोकं दुसऱ्याचंच बसवलंय की हो!" ते ऐकून अर्ध्या साबणाचं ते गिऱ्हाईकही बाहेर आलं.

खांबसाहेबांना आपल्या हंसाच्या मानेकडे बघवेना. सगळा दोष वरच्या भागाचा आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पलीकडे दिवेसाहेब एका माणसाला सांगत होते, "दिवा नुसता बघा. खालचं झाकून बघा."

दोघांच्या सासूबाई याच रस्त्यावर पहिल्या मजल्यावर राहत. त्यांच्या गॅलरीसमोरच एक खांब आला होता. रविवारी लेकी-जावई नेहमीसारखे जेवायला आले. जावई अर्थातच टेबलाच्या दोन टोकांना.

"जावईबापू, हा समोरचा खांब तुमचा ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," खांबसाहेब म्हणाले.

"आणि वरची ती ताटली?"

"माझी," दिवेसाहेब म्हणाले.

"मी रोज सकाळी उठून गॅलरीत येते, तेव्हा तुमचं भांडण माझ्यासमोर उभं असतं," सासूबाई म्हणाल्या. "रात्री तर त्याचा उजेडही पडतो. दोघं मिळून निस्तरा. तोवर या घरात तुम्हाला जेवायला मिळणार नाही. आज केलंय म्हणून वाढते."

थोरली नवऱ्याकडे बघून म्हणाली, "घरीही मिळेल याची खात्री धरू नका."

म्हणून पुढच्या संध्याकाळी दोघं साडू सासूबाईंच्या टेबलाशी समोरासमोर बसले. चहा आला, प्यायला, कप गेले. शेवटी खांबसाहेबांनी खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कडेला एक खांब काढला, वर टोक मोकळं सोडलं आणि कागद पुढे सरकवला. दिवेसाहेबांनी चष्मा पुसला. त्या टोकावर त्यांनी हळूहळू एक कंदील काढला. गोलसर, काचेचा, वर छोटी टोपी असलेला. बाकाचं वळण जिथे संपत होतं तिथूनच त्यांची रेघ सुरू झाली होती.

खांबसाहेब बघतच राहिले. या माणसाचा हात इतका चांगला आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"काच दुधी ठेवू," दिवेसाहेब कागदाला उद्देशून म्हणाले. "डोळ्यांवर येणार नाही."

"मग मान थोडी आखूड करतो," खांबसाहेबही कागदालाच म्हणाले. आणि जरा थांबून, "त्या दिवशी तुमच्या घरी... पडदे ओढलेले होते. म्हणून अंधारं वाटलं असेल."

"पडदे ओढलेलेच होते," दिवेसाहेब म्हणाले. "मीही जरा जास्तच बोललो, साडूभाऊ."

नमुना तयार झाला. नगरपालिकेच्या आवारात तो उभा केला तेव्हा दोघं त्याच्याभोवती लग्नाच्या मुलीभोवती फिरावं तसे फिरत होते. खांब कुठे संपतो आणि दिवा कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. नगराध्यक्षबाईंनी येऊन बघितलं की सगळा रस्ता बदलायचा, असं ठरलं होतं.

पण दरम्यान भलतंच घडलं. एक कलासमीक्षक काही कामानिमित्त गावात आले आणि मुख्य रस्त्यावर थबकले. त्यांनी दिव्यांचे फोटो काढले आणि एका मासिकात लांबलचक लेख लिहिला. या रस्त्यावर भूतकाळ आणि भविष्यकाळ एकमेकांना मान देत नाहीत, तर मान उडवतात, असं काहीसं त्यात होतं. कुणाला नीट कळलं नाही, त्यामुळे सर्वांनाच तो पटला. लोक लांबून फोटो काढायला येऊ लागले. न्हाव्याने दुकानावर पाटी लावली, 'प्रसिद्ध दिव्यांसमोर'. एका संस्थेने नगरपालिकेला ढाल देऊन गौरवलं, आणि ढाल स्वीकारताना नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "ही कल्पना माझ्या मनात लहानपणापासून होती."

मग त्या आवारात आल्या. नमुन्यासमोर उभ्या राहिल्या. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं.

"हे काय?"

"नवा नमुना, मॅडम," दिवेसाहेब अभिमानाने म्हणाले. "आम्ही दोघांनी मिळून केलाय."

"पण हे तर दिव्याच्या खांबासारखं दिसतंय!"

"दिव्याचा खांबच आहे, मॅडम," खांबसाहेब म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. असा कुठेही दिसतो. यात आपलं काय? काढा हा." बाई वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आता सगळ्या गावात मुख्य रस्त्यासारखेच हवेत. आणि प्रत्येक रस्त्याचे वेगळे. एकही दिवा कुठल्याही खांबाला शोभता कामा नये. तुम्हा दोघांनाच हे जमतं. समिती करा."

त्या गेल्यावर दोघं बराच वेळ नमुन्यापाशी उभे राहिले. खांबसाहेबांना वाटलं, आता साडू काहीतरी चुरचुरीत बोलेल. पण दिवेसाहेब दुधी काचेवरची धूळ रुमालाने पुसत होते. खांबसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा साडूच्या खांद्यावर हात ठेवला.

समितीचं काम सुरू झालं आणि लक्षात आलं की ते भलतंच अवघड आहे. पूर्वी बोलणं नव्हतं, तेव्हा काहीही कष्ट न घेता सगळं विजोड व्हायचं. आता खांबसाहेब एखादा खांब दाखवायचे आणि दिवेसाहेबांच्या डोक्यात नेमका त्यालाच शोभणारा दिवा यायचा. त्याला दाबून दुसरा शोधावा लागे. रोज बैठक, रोज वाद, शिवाय घरी फोन.

"काय इतकं बोलत असता हो त्यांच्याशी?" एकदा थोरलीने विचारलं. "पूर्वी नावही काढत नव्हतात."

"जुळू द्यायचं नाही म्हणजे फार बोलावं लागतं," खांबसाहेब म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून दिवेसाहेब अजिजीने विचारत होते, "साडूभाऊ, बाजारच्या रस्त्याला तुमचा तो हिरवा बांबूसारखा खांब, आणि वर माझी जांभळी छत्री. कसं वाटतं?"

खांबसाहेबांनी डोळे मिटून चित्र पाहिलं.

"वाईट नाही दिसत," ते खिन्नपणे म्हणाले. "दुसरं बघा काहीतरी."