यीस्टच्या पेशीतलं एक दार

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे, मित्रांनो. चेन्नईत, एग्मोरजवळच्या एका संशोधन संस्थेत जिन्यासमोरच्या खोलीत असतो. नळ्यांमध्ये भरलेलं मिश्रण मी गरागरा फिरवतो. जड ते तळाशी बसतं, हलकं वर राहतं. माझी सारी विद्या एवढीच. एके काळी माझ्यासाठी विद्यार्थ्यांची रांग लागायची. मग नवं यंत्र आलं आणि माझ्या झाकणावर रिकामे खोके साठू लागले.

ते खोके कौमुदी या संशोधक विद्यार्थिनीने उतरवले. ती तिरुवल्लिकेणीहून बसने यायची. घरचे मूळचे तंजावरचे मराठी. नवं यंत्र कधी मोकळं नसायचं, म्हणून तिने मला पुसून घेतलं, माझी थंडाव्याची सोय दुरुस्त करवली आणि कामाला लावलं.

तिचं काम यीस्टवर होतं. पाव फुगवणारं तेच यीस्ट. त्याच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात. पेशीला लागणारी बरीचशी ऊर्जा तिथे एटीपी नावाच्या रेणूत भरली जाते. भरलेला रेणू बाहेर जायचा आणि वापरून रिकामा झालेला, म्हणजे एडीपी, आत यायचा, तर आतल्या पडद्यात एक दार लागतं. एक बाहेर, एक आत, अशी अदलाबदल. असंच दार तुमच्या-माझ्या, छे, तुमच्या पेशींतही असतं; मी तर लोखंडाचा.

कौमुदीच्या भावाची, रविकांतची मुलगी तनया मैदानाची एक फेरी मारली की खाली बसायची. शाळेत तिला आळशी म्हणत. घरीही म्हणत. पुढे डॉक्टरांना तपासणीत या दाराच्या जनुकात एक बदल सापडला, पण तो घातक की निरुपद्रवी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कौमुदीने यीस्टच्या दारात तोच बदल केला.

मी ते मायटोकॉन्ड्रिया अलगद, थंड ठेवून तळाशी बसवले. तिने त्यात एडीपी घातलं आणि एटीपी किती वेगाने बाहेर येतं ते मोजलं. फारच हळू येत होतं.

"पडदे फाटले असतील. पुन्हा कर," तिचे मार्गदर्शक व्यासराज म्हणाले.

तिने पुन्हा केलं. पडदे शाबूत होते. निरोगी यीस्टचं दार झपाझप चाले. बदललेलं मात्र रेंगाळत होतं.

"उत्तम! लगेच लिहायला घे," व्यासराज खुशीत म्हणाले.

"सर, तो बदल माझ्या भाचीचा आहे."

ते स्टूल ओढून बसले. मग म्हणाले, "लिहिणं राहू दे. आधी तिच्या डॉक्टरांना कळव. यीस्ट म्हणजे मूल नव्हे, हेही सांग."

ऊर्जा कमी पडली की हृदयही थकतं, म्हणून डॉक्टरांनी तनयाचं हृदय नीट तपासलं, तिचं पळणं बंद केलं, त्रास कमी करणारं औषध सुरू केलं. हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. त्यानंतर एका दुपारी रविकांत तिला घेऊन संस्थेत आला. तनया बाहेर बाकावर बसली होती.

"म्हणजे ती सोंग करत नव्हती?" त्याने हळूच विचारलं.

"नाही, अण्णा."

"मी तिला हात धरून ओढत पळवलंय, कौमुदी. सगळ्यांसमोर."

कौमुदीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो डोळे पुसत बाहेर गेला आणि जिन्यापाशी तनयासमोर पाठ करून खाली वाकला.

"बस पाठीवर."

"अप्पा, उतरताना मला दम लागत नाही."

"ठाऊक आहे. तरी बस."

ती बसली. त्याच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरत गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला जपायचं तर झाकण पुसावं, नळ्या समतोल ठेवाव्यात, एवढ्यावर भागतं; माणसाचं भागत नाही. तुमच्या वर्गात कोणी धावता धावता खाली बसलं, तर त्याला नावं ठेवू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा.